नारिंग (फळनाम)

लिंबू वर्गातील (सिट्रस) एका फळाचे जुने नाव. मराठीत ते आता मागे पडले असून मुख्यतः ‘नारिंगी’ या रंगनामात उरले आहे. बाजारात संत्रे व मोसंबी हीच नावे चालतात.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘नारङ्ग’ मूळचा द्राविडी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आधार म्हणून तमिळ ‘नारत्तै’, मलयाळम ‘नारङ्ङ’ ही रूपे दिली जातात. (मलयाळममध्ये ‘चेरुनारङ्ङ’, म्हणजे लहान नारङ्ङ, हे साध्या लिंबाचे नाव आहे.) ‘वास येणे’ या अर्थाच्या तमिळ ‘नाऱु’ धातूशीही फळनामाची सांगड घातली जाते. मात्र धातूतील र कठोर (ऱ) आहे, फळनामातील मृदू. आणि तमिळ लेखनात हे दोन वर्ण वेगळे राखले जातात. त्यामुळे द्राविडी मूळ मान्य केले, तरी सुगंधाशी जोडलेला संबंध सिद्ध धरता येत नाही. अमरकोशात ‘नागरङ्ग’ असे रूप आहे. त्याची नाग + रंग ही फोड परक्या शब्दाला संस्कृत अर्थ देण्याच्या खटपटीतून आलेली दिसते.

पश्चिमेकडे हा शब्द फार्सीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ झाला. इटालियन ‘अरांचा’ व फ्रेंच ‘ओरांज’ यांत आरंभीचा न गळाला. इंग्रजीत ‘अ नॉरेंज’चे ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. परंतु शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, न गळाल्यानंतर. फ्रेंच रूपातील ओ ‘ओर’ (सोने) या शब्दाच्या प्रभावाने आला असावा.

अरबांमार्फत सुमारे दहाव्या शतकापासून भूमध्य प्रदेशात पसरले ते कडवट नारिंग. गोड जातीचा प्रसार साधारणतः पंधराव्या-सोळाव्या शतकांत झाला व त्यात पोर्तुगीजांचा वाटा मोठा होता. म्हणून ग्रीकमध्ये गोड फळ ‘पोर्तोकाली’, कडू ‘नेरांझी’. अरबीत अनुक्रमे ‘बुर्तुकाल’ व ‘नारंज’. खुद्द पोर्तुगीज मात्र ‘लारांजा’च म्हणतात. डच ‘सिनासअप्पेल’ आणि रशियन ‘अपेल्सीन’ यांचा अर्थ चिनी सफरचंद. प्वेर्तो रीकोत नुसते ‘चीना’.

संत्रे हे नाव पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आले, असे मत आहे. बाबराच्या (मृ. १५३०) आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांमध्ये ‘संगतरा’ येते. पोर्तुगीज १४९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरले. तेथून इतक्या थोड्या काळात त्यांचे नाव उत्तरेत रुळले असेल, हे अवघड वाटते. फार्सीत ‘संग’ म्हणजे दगड. रसाळ फळाला ते शोभत नाही म्हणून मुहम्मदशाह बादशहाने ‘रंगतरा’ नाव दिले, असे सांगतात. मोसंबीचा मोझांबिकशी असलेला संबंध सामान्यतः मान्य आहे.

वनस्पतिशास्त्रदृष्ट्या नागपुरी संत्रे मँडरिन (सि. रेटिक्युलॅटा) असून गोड ऑरेंज (सि. सायनेन्सिस) म्हणजे आपली मोसंबी, इंग्रजी ‘ऑरेंज’साठी ‘संत्रे’ योजणे त्यामुळे काटेकोर नव्हे. बंगाली ‘कमला’ व कन्नड ‘कित्तळे’ ही नावे या मालिकेबाहेरची आहेत.