ट्रायकोडर्मा : पाकिटावरच्या ‘व्हिरिडी’ची कुळकथा

हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला चोळायची पावडर म्हणून ट्रायकोडर्मा आपल्याकडे गावोगावी माहीत आहे. या बुरशीचं मूळ घर मात्र कुजकं लाकूड आहे. ओलसर फांदीवर, सालीखाली आणि लाकूड कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरश्यांच्या अंगावर ती वाढते.

बुरशीशास्त्रज्ञ पेर्सून यांनी १७९४ मध्ये या प्रजातीला नाव दिलं. त्याचा अर्थ ‘केसाळ कातडी’, कारण त्यांना दिसली होती केसाळ आवरणातली पिठासारखी भुकटी. त्यांनी त्यात चार जाती घातल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता, हे पुढे कळलं. पाकिटावरची व्हिरिडी तेवढी टिकली, तर गुलाबी ‘रोजियम’ आज ट्रायकोथेसियम या वेगळ्याच प्रजातीत आहे. १८६५ मध्ये तुलान बंधूंनी दाखवलं की ही हिरवी बुरशी आणि लाकडावर तांबूस-तपकिरी गादीसारखी उगवणारी हायपोक्रिया रूफा एकाच जीवाची दोन रूपं आहेत. या गादीत सुरईसारखे कोश असतात आणि कोशांत नळ्या. प्रत्येक नळीत दोन पेशींचे आठ बीजाणू तयार होतात आणि ते मधोमध तुटून सोळा होतात. प्रयोगशाळेत हे लैंगिक रूप क्वचितच येतं, म्हणून ओळख बहुतेक वेळा हिरव्या, अलैंगिक रूपावरूनच करावी लागली.

इथेच घोटाळा झाला. १९३९ मध्ये बिस्बी यांनी सगळ्या ट्रायकोडर्मा म्हणजे एकच जात, व्हिरिडी, असं ठरवलं. त्यानंतर दिसेल त्या हिरव्या बुरशीला तेच नाव मिळत गेलं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड कुजवणारी क्यूएम ६ए ही बुरशीही आधी व्हिरिडीच होती. १९७७ मध्ये ती ट्रायकोडर्मा रीसी म्हणून वेगळी झाली. सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमचा) आजचा मोठा उद्योग तिच्यावर उभा आहे.

गाडी रुळावर आणली ती इंडोनेशियाच्या रिफाई यांनी, १९६९ मध्ये. त्यांनी नऊ जाती-समूह मांडले, हार्झियानम त्यांतलाच एक. ही कामगिरी मला फार मोलाची वाटते, कारण हातात फक्त सूक्ष्मदर्शक होता. बीजाणुदंडाला मनोऱ्यासारख्या फांद्या, टोकाशी कूपीच्या आकाराच्या पेशी आणि कूपीच्या तोंडाशी हिरव्या बीजाणूंचा गोळा, एवढ्यावर सगळी निवड. व्हिरिडीचे बीजाणू गोल, ३.५ ते ४.५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वर बारीक उंचवटे. हार्झियानमचे गुळगुळीत आणि थोडे लहान.

हे उंचवटे पाहायला १०० पट वस्तुभिंग आणि तेल लागतं. ४० पटीवर व्हिरिडीही गुळगुळीत दिसते आणि चूक तिथेच होते. बुरशी वाढवायची पेट्री डिश २५ अंश सेल्सिअसला, दिवस-रात्र उजेड-अंधारात ठेवावी, नाहीतर बीजाणू नीट धरत नाहीत. पाच-सात दिवसांची वाढ घ्यावी. जुन्या वाढीत कूप्या सुकून आकार बदलतात. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून, पाण्यात स्लाइड करून किमान ३० बीजाणू मोजावेत.

१९९१ मध्ये बिसेट यांनी या प्रजातीचे पाच विभाग केले. १९९९ मध्ये तशाच खडबडीत बीजाणूंची अॅस्पेरेलम ही जात व्हिरिडीतून वेगळी काढली गेली. खरी व्हिरिडी ३५ अंशांना वाढत नाही. म्हणजे तापमान हीसुद्धा ओळखीची एक खूण झाली. २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव हा नियम लागू झाला आणि १८२५ च्या हायपोक्रियापेक्षा जुनं असलेलं ट्रायकोडर्मा टिकलं. जुलै २०२० पर्यंत मान्य नावं ३७५ झाली. आज जात ठरवताना आरपीबी-२ जनुकात किमान ९९ आणि टेफ-१ मध्ये ९७ टक्के साम्य पाहतात. बुरश्या ओळखायला नेहमी वापरला जाणारा आयटीएस हा डीएनएचा तुकडा, एवढ्याने काम भागत नाही. टी-२२ हा जगभर विकला जाणारा वाणही या तपासणीत हार्झियानमऐवजी अफ्रोहार्झियानम निघाला.

आपल्याकडे मात्र नोंदणी आणि लेबल अजून ‘ट्रायकोडर्मा व्हिरिडी १ टक्के डब्ल्यूपी’ (पाण्यात मिसळणारी भुकटी) असंच चालतं. या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अनेक भारतीय वाणांची जनुकं तपासली तेव्हा ते अॅस्पेरेलम किंवा त्याच्या जवळच्या जातींचे निघाले. पावडर काम करते ती तिच्यातल्या वाणामुळे आणि जिवंत बीजाणूंच्या संख्येमुळे. घेताना वाणाचा क्रमांक, प्रति ग्रॅम किमान २० लाख बीजाणू आणि मुदत पाहावी. बीजप्रक्रियेला किलोमागे ४ ते ५ ग्रॅम पुरते.