कुंकळ्ळी स्मरणदिन
दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे १५ जुलै रोजी पाळला जाणारा हुतात्मा-स्मरणदिन. १५८३ च्या जुलैमध्ये येथे जेझुइट या कॅथलिक धर्मप्रचारक संघाचे पाच सदस्य (चार पाद्री व एक धर्मबंधू) आणि त्यांच्यासोबतचे सुमारे पंधरा जण गावकऱ्यांच्या हल्ल्यात मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या नायकांना बोलणीच्या मिषाने असोळणा येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. चर्चच्या दृष्टीने जेझुइट, तर स्मरणदिनाच्या आयोजकांच्या दृष्टीने नायक हुतात्मे होत; या दिवसाविषयीचा धार्मिक मतभेद तेथूनच उद्भवतो.

हल्ल्याची तारीख १५ जुलै की २५ जुलै, याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. कॅथलिक चरित्रग्रंथ बहुधा २५ जुलै देतात. पोर्तुगालने नवे (ग्रेगरीय) पंचांग ऑक्टोबर १५८२ मध्ये स्वीकारले. परंतु लिस्बनहून वसंतात निघणारी जहाजे गोव्यास साधारणतः सप्टेंबरात पोहोचत, त्यामुळे १५८३ च्या जुलैत गोव्यात जुनेच पंचांग चालू असणार. दोन पंचांगांत त्या काळी दहा दिवसांचे अंतर होते आणि आपापल्या पंचांगानुसार दोन्ही तारखांना सोमवारच येतो. यावरून त्या एकाच दिवसाच्या दोन नोंदी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संघर्षाचे मूळ सासष्टी या दक्षिण गोव्यातील तालुक्यातील देवळांच्या विध्वंसात आणि धर्मांतराच्या मोहिमेत होते; कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा आदी गावांनी सारा देण्यासही नकार दिला होता. मृत पाद्र्यांतील रुदोल्फो आक्वाविवा हे नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. त्यांच्याविषयी जेझुइट पत्रव्यवहारात विपुल तपशील आहे. नायकांविषयी मात्र लिखित आधार तुटपुंजा आहे. किल्ल्यात बोलावलेल्या सोळा नायकांपैकी एकाने साळ नदीत उडी घेऊन जीव वाचवला, ही माहिती प्रामुख्याने स्थानिक परंपरेतून येते. ज्यांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही त्यांची ही स्मृती पिढ्यानपिढ्या टिकली, हे नोंदवणे अगत्याचे आहे.

तेरावे पोप लिओ यांनी १८९३ मध्ये पाचही जेझुइटांना ‘धन्य’ (संतपदापूर्वीची पायरी) घोषित केले. नायकांचे स्मारक एकविसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले. या उठावास वसाहतवादाविरुद्धचा स्वातंत्र्यलढा म्हणावे, असा आयोजकांचा आग्रह आहे. तर निःशस्त्र धर्मप्रचारकांच्या हत्येचा गौरव होऊ नये, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. प्रस्तुत नोंदीत राजकीय प्रतिकाराचा अर्थ ग्राह्य मानला आहे. त्याने पाद्र्यांच्या मृत्यूचे गांभीर्य उणे होत नाही. शिवाय ही फूट सरळसरळ हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशी नाही. ख्रिस्ती गावकरही या नायकांचे वंशज म्हणवतात, आणि फातर्पा येथील शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवीच्या कुंकळ्ळीत येणाऱ्या छत्र्यांच्या मिरवणुकीत बारा वांगडांच्या (गावकर घराण्यांच्या) छत्र्या असतात, त्यांत धर्मांतरित घराण्यांच्याही धरल्या जातात.

गोव्यातील १८ जूनचा क्रांतिदिन आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन यांना असा धार्मिक विरोध सहसा होत नाही. ज्या सभेच्या स्मरणार्थ क्रांतिदिन पाळतात, त्या १९४६ च्या मडगावच्या सभेपूर्वी राममनोहर लोहिया ज्यांच्याकडे उतरले होते, ते डॉ. जुलियांव मिनेझिस याच असोळण्याचे होत.