कास सुजण्याआधीची दगडी

श्रीखंडासाठी बांधलेला चक्का कमी निघाला किंवा दही सैल लागलं, की आपण विरजणाला दोष देतो. पण दूध घरच्या गाईचं असेल, तर एकदा कासेकडेही बघावं. कासदाहात, म्हणजे दगडीत, दुधातलं केसीन, म्हणजे दही घट्ट करणारं प्रथिन, कासेतच तुटायला लागतं, लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घटते आणि क्षार वाढतात. दूध किंचित खारट लागतं. कास मात्र वरून मऊ असते आणि गाय वैरणही नीट खाते. या छुप्या दगडीतच खरं नुकसान होतं. सूज आली की निदान डॉक्टरला तरी बोलावलं जातं.

ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर टाकून गुठळ्या किंवा पाणचटपणा आहे का ते पाहा. मग चारही सडांचं दूध चार वाट्यांत वेगवेगळं घ्या, प्रत्येक वाटीत तेवढंच पावडरचं पाणी घाला आणि वाटी हलक्या हाताने गोल फिरवा. निरोगी सडाचं दूध पातळच राहतं. बाधित सडाचं काही सेकंदांत शेंबडासारखं दाट होतं. याचं कारण असं, की जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरलेल्या असतात. साबणाने त्या फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए तार धरतो. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात अशा पेशी साधारण दोन लाखांच्या आत असतात. गाय नुकतीच व्यायली असेल किंवा आटत आली असेल, तर मात्र ही चाचणी उगाच भीती घालते.

जंतू सडाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि काही स्ट्रेप्टोकोकस धार काढणाऱ्याच्या हातातून, फडक्यातून एका गाईकडून दुसरीकडे जातात. ई. कोलाय शेणा-चिखलातून येतो. पावसाळ्यात बडोद्याजवळच्या पादरा, डभोईकडच्या काळ्या मातीत गोठ्याचा रेंदा होतो, तेव्हा याचंच फावतं. धार काढल्यावर सडाचं छिद्र निदान अर्धा तास उघडं असतं. म्हणून हिरवा चारा धारेच्या आधी नाही, नंतर टाकायचा. गाय खात उभी राहते, ओल्यात बसत नाही.

धुण्यातही गफलत होते. अख्ख्या कासेवर बादली ओतली की घाण पाणी ओघळून नेमकं सडाच्या टोकाशी येतं. फक्त सड धुवा आणि कोरडे पुसा, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. अंगठा मुडपून धार काढल्याने सड आतून दुखावतो, पूर्ण मुठीने काढावी. धार झाली की ग्लिसरीन घातलेल्या 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात सड बुडवायचे. उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका, त्यातून संसर्गच पसरतो. दगडीची गाय सगळ्यात शेवटी पिळावी.

सूज, ताप, गुठळ्या किंवा रक्त दिसलं तर थांबू नका. पशुवैद्य येण्याआधी घरात पडून असलेली, सडात सोडायच्या प्रतिजैविकाची ट्यूब चढवायची नाही. एकदा ती गेली, की दुधाचा नमुना जंतुतपासणीला फारसा उपयोगी राहत नाही. डॉक्टरने ट्यूब दिली तर आधी सड पूर्ण रिकामा करा, टोक 70 टक्के स्पिरिटने पुसा आणि ट्यूबची चोच जेमतेम 3 मिलिमीटर आत घाला. खोल खुपसली तर छिद्राचं आतलं अस्तर फाटतं आणि बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. दुसऱ्या दिवशी सूज उतरली म्हणून औषध बंद करू नये. लेबलवर लिहिलेले दिवस दूध ओतून द्यावं. प्रतिजैविकाच्या दुधाला विरजणही लागत नाही. कान गार पडले, गाय उठेना, तर तो ई. कोलायच्या विषाचा घाला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. गुजरातेत 1962 या पशु-रुग्णवाहिकेच्या नंबरवर फोन करावा.

शेजारच्या आणंदच्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने एक लेपही प्रचारात आणला आहे: 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना एकत्र वाटायचं, लागेल तसं पाणी घालून पातळ करायचं आणि कासेला दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावायचं. सुरुवातीच्या सौम्य सुजेला हा लेप लावायला हरकत नाही. ताप असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र चिवट. तो कासेत गाठी करून दडतो आणि दुभत्या काळात औषधाला सहसा दाद देत नाही. त्याच्यावर उत्तम संधी गाय आटवताना मिळते. विण्याआधी साधारण 60 दिवस, शेवटची धार काढून झाली की डॉक्टरच्या सल्ल्याने चारही सडांत आटवणीची खास ट्यूब. व्यायल्यावर दहा-बारा दिवसांनी वाट्यांची चाचणी पुन्हा करा. तोच सड पुन्हा तार धरत असेल, तर ती गाय कळपात ठेवायची का, हे डॉक्टरशी बोलून ठरवा.