निवडणुकांच्या तारखा एकदा जुळल्या होत्या

सोलापूर महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं, तेव्हा सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा ऐन भरात होती. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली. मधली जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाकडे. दर वर्षी कुठली ना कुठली आचारसंहिता लागते आणि कामं अडतात, त्यापेक्षा महापालिका-झेडपीची निवडणूक विधानसभेच्या वेळेलाच उरकावी, असा एक सूर सध्या ऐकू येतो. पण या तारखा मुळात लांब गेल्या कशा?

राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या १९६२ मध्ये. त्यांच्या पहिल्या तीन निवडणुका १९६२, १९६७ आणि १९७२ च्या. विधानसभेची वर्षंही हीच. दिवस वेगळे, पण वर्ष एकच. हे कुणी कायद्याने जुळवलेलं नव्हतं; दोन्ही सभागृहं पाच-पाच वर्षं चालली, म्हणून आपसूक जुळलं. आणीबाणीनंतर विधानसभा १९७८ मध्ये झाली, झेडपी १९७९ मध्ये. त्यानंतर झेडपीची निवडणूक थेट १९९२ मध्ये! तेवढ्या काळात विधानसभेसाठी तीनदा मतदान झालं. गाडी चुकली ती इथे.

१९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली, ती असली पुढे ढकलाढकल थांबवण्यासाठीही. मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक. ती घ्यायला राज्य निवडणूक आयोग वेगळा. महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये आला. विधानसभेची तारीख ठरवतो दिल्लीतला केंद्रीय निवडणूक आयोग, महापालिकेची ठरवतो हा राज्याचा आयोग. मतदारयादी मात्र विधानसभेचीच, प्रभागांप्रमाणे फोडलेली. पुढे १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ असा झेडपीचा पाळणा नियमित हलत राहिला, पण विधानसभेपासून दोन-तीन वर्षांच्या अंतरावर.

वरच्या पातळीवर तरी कुठे जुळलं? १९९९ मध्ये युती सरकारने विधानसभा मुदतीआधी विसर्जित केली आणि लोकसभेसोबत मतदान घेतलं. (सत्ता गेली, हा भाग वेगळा.) सोलापुरात ती जोडी चार वर्षंही टिकली नाही. सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले, लोकसभेची जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि ती भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी जिंकली. शिंद्यांसाठी दक्षिण सोलापूरची पोटनिवडणूक झाली ती निराळी.

२०२२ ची खोळंबाखोळंबी ओबीसी आरक्षणावरून. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालाने तिहेरी चाचणी (आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, त्यावरून आरक्षणाचं प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) बंधनकारक केली, मग प्रभागरचनेचा घोळ सरकारं बदलतील तसा वाढला. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्यायला सांगितलं आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली. म्हणजे यावेळची तारीख कायद्यापेक्षा कोर्टकज्ज्यातून आली.

‘एक देश, एक निवडणूक’साठी नेमलेल्या माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ च्या अहवालात लोकसभा-विधानसभा एकत्र आणि त्यानंतर १०० दिवसांच्या आत स्थानिक निवडणुका सुचवल्या. त्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकात मात्र स्थानिक संस्था नाहीत. त्यांना घ्यायचं तर निम्म्या राज्यांची मान्यता लागेल, असं समितीचंच म्हणणं.

एकाच दिवशी सगळं घ्यायचं म्हटलं तर सोलापूरकराला लोकसभेचं एक, विधानसभेचं एक आणि चार सदस्यांच्या प्रभागात चार, अशी सहा मतं द्यावी लागतील. ते एक वेळ जमेल. पण पाणी किती दिवसांआड येतं, हा इथल्या महापालिका निवडणुकीचा खरा मुद्दा दिल्ली-मुंबईच्या भाषणांत कितीसा ऐकू येईल, याची मला शंका आहे.

शिवाय हिशेब बघा. विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं, तरी लोकसभा-विधानसभा एकत्र येणार लवकरात लवकर २०३४ मध्ये. महापालिकेची पुढची निवडणूक वेळेवर झाली, तर २०३१ ची. त्या वेळी निवडून येणाऱ्या नगरसेवकांना पाच वर्षं मिळणार की तीनच, हे विधेयकात कुठेच नाही.