ब्रिटनची चार वर्षांची ‘फिग’ सवलत: पात्र कोण, कागदपत्रं कोणती आणि दावा कोणाला परवडतो

६ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमधली ‘नॉन-डॉम’ करपद्धत बंद झाली. राहायचं लंडनमध्ये, पण कायमचं घर परदेशात असल्याचं सांगून तिकडचं उत्पन्न इथे आणेपर्यंत त्यावर कर भरायचा नाही, अशी ती जुनी सोय. २०२२ मध्ये ऋषी सुनक यांच्या पत्नी अक्षता मूर्ती यांच्या इन्फोसिसच्या लाभांशावरून ती गाजली. ती रद्द करा असा लकडा मजूर पक्षाने लावला होता. मार्च २०२४ मध्ये घोषणा मात्र हुजूर पक्षाचे तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी केली आणि त्यानंतरच्या मजूर सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी ती तडीस नेली. नॉन-डॉमच्या जागी आली ‘फिग’, म्हणजे फॉरेन इन्कम अँड गेन्स.

आधीची सलग १० करवर्षं तुम्ही ब्रिटनचे करनिवासी नसाल, तर निवासी झाल्यापासूनच्या पहिल्या ४ करवर्षांत भारतातलं भाडं, एफडीचं व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा यांवर ब्रिटनमध्ये कर नाही. पैसे लंडनला आणले तरी नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा, याने फरक पडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्याहून येऊन इथेच राहिलेल्याची चार वर्षं २०२३-२४ पासून मोजतात. त्याच्या हाती २०२५-२६ आणि २०२६-२७ एवढीच उरतात.

खरी मेख पुढे आहे. ज्या वर्षी दावा कराल, त्या वर्षीचा १२,५७० पौंडांचा पर्सनल अलाउन्स, म्हणजे उत्पन्नाचा करमुक्त भाग, जातो. ७०,००० पौंड पगार असलेल्या माणसाला हे ५,०२८ पौंडांना पडतं. कोथरूडच्या फ्लॅटचं वर्षाला ३,००० पौंड भाडं असेल, तर त्यावरचा ४० टक्के कर होतो १,२०० पौंड. म्हणजे दावा करणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. उलट १,२५,१४० पौंडांवर कमावणाऱ्याचा अलाउन्स आधीच शून्यावर आलेला असतो, त्यामुळे त्याला गमवायला जवळपास काहीच नाही. श्रीमंतांची सवलत काढली म्हणून गाजावाजा झालेल्या सुधारणेत नवी सवलत पुन्हा त्यांनाच सोयीची ठरते, हे माझ्या मते नजरेआड करू नये.

दावा सेल्फ असेसमेंटच्या विवरणपत्रात करायचा. करवर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, नोंदणी केली की यूटीआर हा दहा अंकी करदाता क्रमांक मिळतो. मुख्य फॉर्म एसए १००, सोबत निवासाची पुरवणी एसए १०९. ही पुरवणी एचएमआरसीच्या मोफत ऑनलाइन सेवेत भरता येत नाही; विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, नाहीतर ३१ ऑक्टोबरपर्यंत कागदी फॉर्म. ऑनलाइनची मुदत ३१ जानेवारी, चुकली की १०० पौंड दंड.

जवळ ठेवायचं ते: नॅशनल इन्शुरन्स नंबर, पी६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारं मालकाचं पत्रक), येण्याजाण्याच्या तारखा दाखवणारा पासपोर्ट, भाडेकरार, ब्रोकरचं स्टेटमेंट, बँकेचं व्याजपत्रक. बँकेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, ब्रिटनचं ५ एप्रिलला, तेव्हा त्या पाच दिवसांसाठी पासबुकही काढून ठेवा. सवलत मागितली तरी रकमा लिहाव्याच लागतात.

दावा केला नाही, तर एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातल्या एफडीचं व्याजही दाखवा. भारतात ते करमुक्त असलं तरी ब्रिटनमध्ये नाही. भाड्यावर भारतात भरलेल्या कराची वजावट मात्र मिळते. आणि २०२५-२६ चा दावा ३१ जानेवारी २०२८ पर्यंत करता येतो, तेव्हा आधी दोन्ही बाजूंनी आकडेमोड करून बघा.