लोंबत्या पावलासाठी कंडरा-स्थलांतर : पार्श्वभूमी

पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी कंडरा-स्थलांतराचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर (कंडरा) सोडवून दुसरीकडे बसवण्याचे, प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले होते. मात्र फूट ड्रॉपवरील (पाऊल वर उचलता न येता लोंबत राहण्यावरील) शस्त्रक्रियेला खरी शिस्त आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कुष्ठरुग्णांवरील कामातून. 1955 नंतर लशीमुळे पोलिओ ओसरू लागला. कुष्ठरोगात मात्र गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने वळसा घेणारी पेरोनिअल नस (मज्जातंतू) सुजून निकामी होत राहिली आणि तिच्यावर अवलंबून असलेले, पाऊल उचलणारे स्नायू लुळे पडत राहिले. नडगीच्या हाडामागच्या टिबियालिस पोस्टिरिअर स्नायूची नस वेगळी असल्याने तो बहुधा शाबूत राही, म्हणून त्याचीच कंडरा पुढे आणण्यावर फारसे दुमत नव्हते.

वाद होता तो मार्गाचा. 1933 मध्ये मांडलेल्या पद्धतीत कंडरा नडगीच्या हाडाला आतल्या बाजूने वळसा घालून कातडीखालून पुढे येते. हे करायला सोपे आहे, पण ओढ तिरपी पडल्याने पाऊल आत वळण्याचा धोका राहतो. दुसऱ्या मार्गात पोटरीच्या दोन हाडांमधील पडद्याला खिडकी पाडून कंडरा थेट पुढे काढतात. ओढ सरळ मिळते, परंतु खिडकी अरुंद राहिली तर कंडरा तिथेच चिकटते. तळव्याची संवेदना गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा केवळ तंत्राचा प्रश्न उरत नाही, कारण आत वळलेल्या पावलाच्या बाहेरील कडेवर सारा भार येतो आणि वेदना जाणवत नसल्याने तिथे व्रण होऊन तो हाडापर्यंत जाऊ शकतो. कंडरेच्या टोकाच्या दोन शेपट्या करून एक अंगठ्याच्या आणि दुसरी इतर बोटांच्या कंडरांना जोडण्याची रीत कुष्ठरोगाच्या शस्त्रक्रियेत रुजली, ती ही ओढ दोन्ही बाजूंना समतोल ठेवण्यासाठीच. मार्गाच्या वादाला मिळालेल्या महत्त्वापुढे हा समतोल काहीसा दुर्लक्षित राहिला, असे वाटते.

पुढे अपघातात नस तुटलेल्या रुग्णांवरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली आणि कंडरा थेट हाडात स्क्रूने बसवणे शक्य झाले. नस सावरण्यासाठी किती महिने थांबावे, याविषयी मात्र मतभेद कायम आहेत. शस्त्रक्रियेनंतरचे प्लास्टर निघाल्यावर रुग्णाला पाऊल आत वळवायला, म्हणजे या स्नायूचे मूळ काम करायला, सांगतात. तसे करू जाता पाऊल वर उचलले जाते, आणि चालताना एरवी जमिनीवर टेकलेल्या पायात काम करणाऱ्या या स्नायूला अधांतरी पाऊल उचलण्याची सवय तिथून लावली जाते.