डब्यातल्या टोमॅटोत उरतं काय?

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. ‘डबाबंद अन्न म्हणजे मृत अन्न, त्यात नुसतं केमिकल’, आणि सोबत फोटो कशाचा तर टोमॅटो सूपच्या लाल-पांढऱ्या डब्याचा. आता आपल्याकडे हा डबा घेतं कोण, इथे पाकिटातली पावडर चालते, पण ग्रुपवरची निम्मी पोरं अमेरिकेत आहेत आणि त्यांच्या आया इथे बसून काळजी करणार, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

तो डबा कॅम्पबेलचा, कंपनी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची. 1897 साली तिथे जॉन डोरन्स नावाच्या तरुण केमिस्टने, जर्मनीत गटिंगेनला पीएचडी करून आला होता तो, सूपातलं पाणी कमी करून घट्ट सूप डब्यात भरायची रीत बसवली. घरी न्या, तेवढंच पाणी घाला, उकळा, प्या. पाणी वाहून न्यायचा खर्च वाचला आणि डबा 10 सेंटला मिळायला लागला.

‘केमिकल’चं आधी उरकून घेऊ. असा डबा महिनोन्महिने टिकतो तो प्रिझर्व्हेटिव्हच्या जोरावर नाही. हवाबंद करून तापवतात, आतले जंतू मरतात, बाहेरचे आत शिरू शकत नाहीत, संपला विषय. शिवाय टोमॅटो आंबट, आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली राहिला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढूच शकत नाही. लेबलवर सायट्रिक अ‍ॅसिड दिसतं ते लिंबात असतं तेच, आणि अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड म्हणजे सी जीवनसत्त्व. मेसेजवाल्यांना ही नावं वाचून घाम फुटतो, त्याला काय करणार.

आता ‘मृत’कडे येऊ. तापवल्यावर टोमॅटोचं काहीतरी जातं हे खरंच आहे. 2002 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टोमॅटो 88 अंशांवर 2, 15 आणि 30 मिनिटं तापवून बघितले. सी जीवनसत्त्व अनुक्रमे 10, 15 आणि 29 टक्के कमी झालं. म्हणजे गेलं, पण सगळं नाही. गंमत पुढे आहे. त्याच टोमॅटोतून हाती लागणारं लायकोपिन नावाचं लाल रंगद्रव्य 54, 171 आणि 164 टक्क्यांनी वाढलं! हे काही भांड्यात नव्याने तयार झालं नाही बरं का. ते आधीपासून आत होतंच, कोंडून पडलेलं.

आणि आता मला थोडं या लायकोपिनबद्दल बोलू द्या, कारण टोमॅटोतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही.

लायकोपिन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. 40 कार्बनची लांबलचक साखळी, तिच्यात 13 डबल बॉन्ड (दोन कार्बनमधले दुहेरी जोड), त्यातले 11 एकाआड एक ओळीने बसलेले. अशी एकाआड एक रांग असली की इलेक्ट्रॉन एका जागी न बसता अख्ख्या रांगेवर पसरतात, आणि रांग जेवढी लांब तेवढ्या कमी ऊर्जेचा प्रकाश त्यांना उचलता येतो. 11 च्या रांगेला निळा-हिरवा प्रकाश पुरतो. तो शोषला गेला की डोळ्यापर्यंत उरतो लाल. गाजरातलं बीटा कॅरोटीन याचंच भावंड, पण त्याच्या दोन्ही टोकांना कार्बनची गोल कडी असते आणि त्या कडीमुळे शरीर त्यातून ए जीवनसत्त्व बनवू शकतं. लायकोपिनला कडी नाही, त्यामुळे ते कितीही खाल्लं तरी ए मिळत नाही.

कच्च्या टोमॅटोत ही साखळी जवळजवळ सगळी सरळ असते, तिला ट्रान्स म्हणतात. सरळ रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे एकमेकांना चिकटून घट्ट बसतात, म्हणजे स्फटिकच होतात, पेशीच्या आत, पेशीला वर भिंत. असला टोमॅटो कोशिंबिरीत खाल्ला तर बरेचसे स्फटिक आतड्यातून तसेच पुढे जातात. शिजवलं की पेशीची भिंत फुटते, स्फटिक मोकळे होतात, आणि उष्णतेने काही साखळ्या एखाद्या डबल बॉन्डपाशी वाकतात. या वाकलेल्या म्हणजे सिस. वाकडे रेणू एकावर एक नीट रचले जात नाहीत, म्हणून तेलात चटकन विरघळतात. आता यातलं भारी काय तर खाण्यातल्या लायकोपिनमध्ये ट्रान्सचं राज्य असतं, पण माणसाच्या रक्तात बघितलं तर निम्म्याहून जास्त सिस सापडतं. म्हणजे एक तर वाकडे रेणू जास्त शोषले जातात, नाहीतर सरळ रेणू आत गेल्यावर वाकतात, बहुधा दोन्ही होत असावं. टँजरीन नावाचा एक नारिंगी टोमॅटो असतो, त्याचं लायकोपिन मुळातच सिस, आणि ओहायोत त्याचा रस लोकांना पाजून बघितला तर लाल टोमॅटोच्या साधारण साडेआठ पट लायकोपिन शोषलं गेलं. रंगाला फिका आणि अंगी लागायला सरस.

असो, सिस-ट्रान्समध्ये कोण हरवलं असेल तर एवढंच धरा की टोमॅटो शिजायला पाहिजे आणि सोबत स्निग्ध काहीतरी पाहिजे. लायकोपिन पाण्यात विरघळतच नाही. चरबी पोटात गेली की पित्त येतं, पित्त आणि चरबीचे बारीक थेंब होतात, त्यात बसूनच लायकोपिन आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. 1992 मध्ये जर्मनीतल्या श्टाल आणि सीस या दोन संशोधकांनी लोकांना टोमॅटोचा रस दिला. साध्या रसाने रक्तातलं लायकोपिन हललंच नाही, आणि 1 टक्का मक्याचं तेल घालून तासभर उकळलेल्या रसाने वाढलं. प्लॅस्टिकच्या डब्यात टोमॅटोची तेलकट भाजी ठेवली की डबा कायमचा केशरी होतो आणि साबणाने घासून पण जात नाही, ते याच स्वभावामुळे.

आणि इथेच त्या कॅम्पबेलच्या डब्याची पंचाईत आहे. त्यात फॅट शून्य! पाणी घालून प्यायलात तर लायकोपिन भरपूर आणि त्याला आत न्यायला कोणी नाही. अमेरिकन लोक त्याच्यासोबत बटरमध्ये भाजलेलं चीज सँडविच खातात, काहीजण पाण्याऐवजी दूध घालतात, ते चवीसाठी करतात पण काम होऊन जातं. आपल्या टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध आणि वरून तुपाची फोडणी असते, तिथे प्रश्नच नाही.

आता लगेच लायकोपिनच्या कॅप्सूल मागवू नका. 1995 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे 48,000 पुरुषांच्या खाण्याचा अभ्यास करून टोमॅटो, विशेषतः शिजवलेला, भरपूर खाणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर कमी दिसतो असं मांडलं आणि बाजार सुरू झाला. पुढे 2005 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सगळे पुरावे तपासून सांगितलं की नुसत्या लायकोपिनने कॅन्सर टळतो असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. कॅप्सूल अजून विकल्या जातायत ते सोडा.

मेसेजवाल्यांनी ज्याच्यावर बोट ठेवायला पाहिजे होतं ते राहिलंच. डबा उलटा करून लेबल वाचा. टोमॅटोनंतर लगेच हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, म्हणजे मक्यापासून केलेला साखरेचा पाक, मग गव्हाचं पीठ दाटपणासाठी, मग मीठ. एका सर्व्हिंगला साधारण 90 कॅलरी, 10-12 ग्रॅम साखर, प्रोटीन जेमतेम 2 ग्रॅम, आणि सोडियम 480 मिलिग्रॅम. बरं वाटतं ना वाचायला? पण सर्व्हिंग म्हणजे अर्धा कप घट्ट सूप, आणि एका डब्यात अशी अडीच. हॉस्टेलवरचं पोरगं रात्री अकरा वाजता डबा फोडून अर्धं उद्यासाठी ठेवतं थोडंच, सगळं एकट्याने संपवतं. म्हणजे 1200 मिलिग्रॅम सोडियम, जवळजवळ 3 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. कमी सोडियमवाल्या डब्यात पोटॅशियम क्लोराईड घालतात, ते जास्त झालं की कडवट लागतं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच घ्या.

तिकडे नुसत्या टोमॅटोचे, मीठ न घातलेले डबे पण मिळतात आणि ते स्वस्त असतात. पोरांना ते आणायला सांगा, मिक्सरमधून काढायचं, जिरं-कढीपत्त्याची तुपाची फोडणी द्यायची, वीस मिनिटं उकळायचं. मीठ आपल्या हातात राहतं. गुळाचा खडा आमच्याकडे पडतोच, तो किती मोठा हे ज्याने त्याने बघावं.